पाण्याखालचा कान

पहाटेची वेळ आहे. लालबागच्या किंवा गिरगावच्या एखाद्या जुन्या चाळीत नळाला पाणी आले आहे. नळाखाली हंडा लावून आई आत चहाचे आधण ठेवायला गेली आहे. हंडा तिला दिसत नाही. तरीही तो भरत आला की नेमक्या वेळी आतून हाक येते, "अरे, नळ बंद कर, हंडा भरला!"

तिला हे कसे कळले? अर्थात आवाजावरून! हंडा भरत जातो तसतशी त्यातील हवेची पोकळी लहान होत जाते आणि पाणी पडण्याचा आवाज जाड असतो तो बारीक होत जातो. तुमच्या आईने ध्वनिशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसेल, पण तिचा कान तयार आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ विकत घेतानाही आपण हेच करतो. माठावर टिचकी मारायची आणि ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर माठ चांगला. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे असे समजायचे. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळते.

आता हीच युक्ती एका फार मोठ्या माठासाठी वापरायची आहे असे समजा. हा माठ मातीचा नाही, बर्फाचा आहे. त्याची जाडी शेकडो मीटर आहे, आणि तो ठेवला आहे उत्तर ध्रुवाजवळ. त्याला चिरा पडत आहेत, तो वितळत आहे. किती वेगाने? हे जाणून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्यात 'कान' सोडले आहेत. त्या दूरच्या खाडीत आपल्या देशाची यंत्रेही आहेत, आणि त्या कामाचे एक मुख्य ठाणे आपल्या शेजारी, गोव्यात आहे. या कानाची आणि त्याला ऐकू येणाऱ्या बोलांची माहिती आज आपण घेऊ या.

कान पाण्यातच का?

प्रथम एक सोपा प्रयोग करा. शाळेतील लांब बाकाच्या एका टोकाला मित्राला कान लावून बसवा. दुसऱ्या टोकाला तुम्ही नखाने हळूच खरवडा. हवेतून जो आवाज मुळीच ऐकू येत नाही, तो लाकडातून स्पष्ट ऐकू येईल.

दुसरा प्रयोग बादलीचा. बादली पाण्याने भरा. पाण्यात हात घालून दोन चमचे एकमेकांवर आपटा आणि बादलीला बाहेरून कान लावा. आवाज किती ठसठशीत येतो ते पाहा.

हवेत ध्वनी एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो. १८२६ साली कोलादों आणि श्टुर्म या दोघांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला होता. त्यांचे उत्तर सेकंदाला १,४३५ मीटर आले. गोड्या, थंड पाण्यासाठी ते आजही जवळजवळ बरोबर ठरते.

हिशेब आपल्या गावाचा करू. गिरगाव चौपाटीपासून दादर चौपाटी सरळ रेषेत सुमारे ७.५ किलोमीटर आहे. हवेतून निघालेल्या आवाजाला हे अंतर कापायला सुमारे २२ सेकंद लागतील. मुळात एवढ्या अंतरावर तो पोहोचेपर्यंत विरूनच जाईल. पाण्यातून हेच अंतर ५ सेकंदांत कापले जाते, आणि ध्वनी फारसा विरतही नाही. समुद्रात प्रकाश काही मीटरांवर किंवा काही दशमीटरांवर संपतो, पण जाड आवाज शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. म्हणून समुद्रात डोळ्यांपेक्षा कान अधिक कामाचा.

या कानाचे नाव हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन. त्यात एका विशिष्ट प्रकारच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा असतो. त्यावर दाब पडला की त्यात अत्यल्प वीज निर्माण होते. ध्वनी म्हणजे दाबाच्या लहरीच. लहर आली की तुकडा किंचित दबतो, सुटतो, आणि तसतशी वीज कमीजास्त होते. या विजेची नोंद करून ठेवली की झाली आवाजाची नोंद.

आरोळी आणि कानोसा

बर्फ आणि पाण्यातील ध्वनी यांची गाठ जुनीच आहे. १९१२ सालच्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' हे जहाज हिमनगावर आपटून बुडाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, रेजिनाल्ड फेसेंडेन या संशोधकाने पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून येणारा त्याचा प्रतिध्वनी टिपला आणि सुमारे तीन किलोमीटरांवरील हिमनग ओळखून दाखवला. ही झाली आरोळी देऊन ऐकण्याची रीत.

आपण ज्या रीतीबद्दल बोलत आहोत ती वेगळी आहे. येथे आपण आरोळी द्यायची नाही, केवळ कानोसा घ्यायचा. बोलायचे बर्फाने, ऐकायचे आपण.

बर्फ काय काय बोलतो?

पेल्यात साधे पाणी घ्या आणि त्यात शीतकपाटातून नुकताच काढलेला बर्फाचा खडा टाका. 'कट्ट' असा आवाज येईल. बर्फाचे बाहेरचे आवरण पाण्यामुळे एकाएकी तापते आणि प्रसरण पावू पाहते. आतला भाग मात्र तसाच गार असतो. दोघांची ओढाताण होते आणि खड्याला तडा जातो. हा तड्याचा आवाज.

ध्रुवीय समुद्रातील बर्फही असाच तडकतो, पण तेथे बहुधा उलटे घडते. हवा एकाएकी गार झाली की बर्फाचा वरचा थर आकुंचन पावतो आणि त्याला चिरा पडतात. पाण्याखाली हे आवाज तुटक टिचक्यांसारखे ऐकू येतात.

दुसरा बोल कोसळण्याचा. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती डोंगरावरून अतिशय संथपणे सरकत समुद्रापर्यंत येते. तिच्या टोकाचा उभा कडा पाण्यात उभा असतो. त्यातून घराएवढे, कधी चाळीएवढे तुकडे सुटून समुद्रात कोसळतात. आधी चीर फाटल्याचा आवाज, मग पाण्यावर आदळल्याचा, आणि नंतर तो तुकडा वरखाली डोलतो त्याचा. या आवाजाचा बराचसा जोर काही शेकडो हर्ट्झच्या खाली, म्हणजे जाड आवाजांत असतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

तिसरा बोल फार गमतीचा आहे. हिमनदीचा बर्फ आपल्या शीतकपाटातील बर्फासारखा पाणी गोठून झालेला नसतो. वर्षानुवर्षे पडलेला भुसभुशीत हिम थरावर थर साचून, स्वतःच्याच भाराने दबून त्याचा बर्फ होतो. हिमाच्या कणांमधील हवा बाहेर न जाता आतच अडकते आणि वरून येणाऱ्या भारामुळे दाबली जाते. अशा बर्फात जुन्या काळच्या हवेचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. हा बर्फ समुद्रात वितळू लागला की बुडबुड्याभोवतीची भिंत पातळ होते आणि कोंडलेली हवा 'फट्' करून बाहेर पडते. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होते तसेच हे. असे लाखो बुडबुडे एकदम फुटू लागले की पाण्याखाली फोडणीत मोहरी तडतडल्यासारखा आवाज भरून राहतो. खलाशांनी या आवाजाला सोडावॉटरवरूनच नाव दिले आहे. रॉबर्ट युरिक या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने १९७१ साली वितळत्या हिमनगांच्या या आवाजावर लेख लिहिला. पुढे २०१५ साली एरिन पेटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्का व अंटार्क्टिका येथील खाड्यांत मोजमापे घेऊन दाखवले की जेथे हिमनद्या समुद्राला मिळतात, त्या खाड्या महासागरातील सर्वांत गोंगाटाच्या जागांपैकी आहेत! हा गोंगाट मुख्यतः १,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान असतो.

हाच आकडा का? याचे उत्तर १९३३ साली मिनार्ट या शास्त्रज्ञाने वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचा अभ्यास करताना देऊन ठेवले होते. पाण्यातला बुडबुडा सुटताना आकुंचन-प्रसरण पावत एखाद्या घंटेसारखा वाजतो. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात त्याची वारंवारता काढण्याचे सूत्र सोपे आहे : ३.२६ ला बुडबुड्याच्या मीटरमधील त्रिज्येने भागा. त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर ३.२६ ÷ ०.००१ = ३,२६० हर्ट्झ. त्रिज्या ३ मिलिमीटर असेल तर सुमारे १,०९० हर्ट्झ. म्हणजे १,००० ते ३,००० हर्ट्झचा आवाज ऐकू आला की समजावे, साधारण १ ते ३ मिलिमीटर त्रिज्येचे बुडबुडे सुटत आहेत. बुडबुडा न पाहता त्याचे माप कळले की नाही?

चौथा बोल आपल्या कानाला ऐकूच येत नाही. प्रचंड हिमनग समुद्रतळाला किंवा दुसऱ्या हिमनगाला घासला की १ ते १० हर्ट्झची थरथर निर्माण होते. आपला कान २० हर्ट्झच्या खालचे ऐकत नाही. म्हणून ही नोंद वेगाने वाजवून ऐकावी लागते. १९९७ साली प्रशांत महासागरातील हायड्रोफोनांनी एक अतिप्रचंड आवाज टिपला होता. कित्येकांनी तो एखाद्या अज्ञात महाकाय प्राण्याचा असावा अशा कल्पना लढवल्या! अंटार्क्टिकाच्या बाजूच्या बर्फांचे आवाज पुढे नीट अभ्यासल्यावर अमेरिकेच्या सागरी शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, तो प्राणी नव्हता. बर्फ फाटल्याचा तो आवाज होता.

गोव्यापासून कोंग्सफियोर्डपर्यंत

आता आपल्या देशाकडे वळू. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तेथे पोहोचली. १९९८ साली वास्को-द-गामा येथे ध्रुवीय संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. आज त्याचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असे आहे. दादरला कोकण रेल्वेच्या गाडीत रात्री बसलात तर सकाळी तुम्ही गोव्यात असाल, इतके ते जवळ आहे.

उत्तर ध्रुवाकडे भारताची पहिली मोहीम २००७ साली गेली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंड या वस्तीत १ जुलै २००८ रोजी भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन ठाणे सुरू झाले. ही वस्ती कोंग्सफियोर्ड नावाच्या खाडीच्या काठी आहे. फियोर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली, दोन्ही बाजूंना डोंगर असलेली खोल खाडी. या खाडीच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रेनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात.

२३ जुलै २०१४ रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी या खाडीत सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' नावाची वेधशाळा सोडली. उत्तर ध्रुव तेथून सुमारे १,२०० किलोमीटरांवर आहे. गोव्याचे केंद्र, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र यांचे हे संयुक्त काम. वेधशाळा म्हटल्यावर इमारत डोळ्यांपुढे आणू नका. उलट्या पतंगाची कल्पना करा. तळाशी जड वजन, वर पाण्यातच राहणारा तरंगता गोळा, आणि दोघांच्या मध्ये ताणलेल्या दोरावर ठिकठिकाणी बांधलेली यंत्रे. ही यंत्रे पाण्याचे तापमान, क्षारता, प्रवाह इत्यादींच्या नोंदी हिवाळाभर एकटीने घेत राहतात.

चेन्नईच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी न्यू-ओलेसुंडच्या उथळ पाण्यातील आवाजांच्याही नोंदी घेतल्या. त्या नोंदींतून हिमनग तडकल्याच्या घटना त्यांनी वेगळ्या ओळखून काढल्या आणि त्यावरील लेख २०१६ साली 'पोलर सायन्स' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केला.

तुम्ही म्हणाल, आता आकाशात उपग्रह आहेत, छायाचित्रे आहेत; मग हा खटाटोप कशाला? याची कारणे तीन. न्यू-ओलेसुंडला ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. साधा कॅमेरा काय करणार? दुसरे, उपग्रह ठरावीक वेळी वरून जातो, तर हायड्रोफोन रात्रंदिवस ऐकत राहतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हिमनदीचा कडा पाण्याखाली, तळाकडून कोमट पाण्याने पोखरला जातो. तेथे उपग्रहाची नजर पोहोचत नाही, आवाज मात्र पोहोचतो.

आवाजावरून वजन

आवाज ऐकला, पण त्यावरून किती बर्फ गेला हे कसे समजावे? स्वालबार्डमधीलच हान्सब्रेन या हिमनदीपाशी ग्लोवात्स्की आणि डीन या दोन शास्त्रज्ञांनी एका बाजूने कड्याची छायाचित्रे घेतली आणि दुसऱ्या बाजूने पाण्याखालचे आवाज नोंदले. किती मोठा तुकडा किती उंचीवरून पडला हे छायाचित्रांवरून मोजले आणि त्याची आवाजाच्या ऊर्जेशी सांगड घातली. २०२० साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. एकदा असे कोष्टक बसले की पुढे काळोखातही केवळ आवाजावरून कोसळलेल्या बर्फाचा अंदाज करता येतो. आईनेही पहिल्या काही दिवसांत हंड्याकडे पाहत पाहतच आवाज ओळखायला शिकले असेल, नाही का?

यात अडचणीही पुष्कळ आहेत. वारा, लाटा, पाऊस, जहाजे, सील आणि देवमासे या सर्वांचे आवाज त्यात मिसळतात. खोल पाण्यात बाहेरचा दाब वाढल्यामुळे बुडबुडे तितक्या जोराने सुटत नाहीत; त्यामुळे खोलवरचे वितळणे अधिक मुके असते. आणि एखादा हिमनग येऊन यंत्रच मोडून टाकील, हे भय निराळेच.

हिंदमाताचा आणि या बर्फाचा संबंध

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. हजारो किलोमीटर दूरचा बर्फ तडकला तर परळच्या मुलाने त्याची काळजी का करावी?

दोन सारखे पेले घ्या. पहिल्यात पाणी घालून बर्फाचे खडे तरंगत ठेवा. दुसऱ्यात एक मोठा दगड ठेवा. त्याचा माथा पाण्यावर राहील इतकेच पाणी घाला आणि तेवढेच खडे दगडावर ठेवा. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची खूण करा. बर्फ वितळल्यावर पाहा. पहिल्या पेल्यातील पातळी जवळजवळ तशीच राहते, दुसऱ्यातील वाढते. म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाने पातळी फारशी वाढत नाही, पण जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की ती वाढते. हिमनद्यांचा बर्फ हा जमिनीवरचा. म्हणून तो किती कोसळतो हे मोजायचे.

एकट्या ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्राची पातळी सुमारे ७ मीटर वाढेल. घाबरू नका, हे काम शतकानुशतकांचे आहे. पण थोडी वाढ आजही चालूच आहे. १९९३ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजमापांनुसार जगाची सरासरी समुद्रपातळी दरवर्षी ३ मिलिमीटरहून अधिक वाढत आली आहे. वाढीचा काही भाग समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे आहे, आणि मोठा भाग जमिनीवरील बर्फामुळे. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासून आहेत. अशा जुन्या वह्यांची किंमत आता कळते.

तीन मिलिमीटर म्हणजे किती? दोन-तीन रुपयांची नाणी एकावर एक ठेवा, झाले. पण मुंबईची रचना आठवा. सात बेटांमधील खाजणे भरून हे शहर झाले. हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट आहे. पावसाचे पाणी नाल्यांतून उताराने समुद्राकडे जाते. समुद्रालाच मोठी भरती असली तर ते जाणार कोठे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला, तेव्हा काय झाले ते घरातील मोठ्यांना विचारा. त्यानंतर हाजी अली, वरळी, रे रोड या बाजूंना पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली; हिंदमाताचे पाणी काही काळ साठवण्यासाठी मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या.

अशी कामे पन्नास-पन्नास वर्षांसाठी करायची असतात. भिंत किती उंच बांधायची, पंप किती मोठा बसवायचा, हे ठरवणाऱ्या अभियंत्याला पुढील काळातील समुद्राची पातळी आकड्यांत हवी असते. तो आकडा हिमनद्या किती वेगाने झिजतात यावर अवलंबून आहे. अंदाज कमी धरला तर दुकानात पाणी शिरणार. फार जास्त धरला तर इतर कामांचा पैसा वाया जाणार. कोंग्सफियोर्डमधील पाण्याखालचा कान बर्फ वितळणे थांबवू शकत नाही. पण तो आकडा पक्का करायला मदत करतो.

उद्या पहाटे हंडा भरताना डोळे मिटून उभे राहा. नळ बंद करण्याची वेळ केवळ कानाने ओळखता येते का पाहा. शास्त्रज्ञाच्या कामाची सुरुवात अशीच होते.

सोडवून पाहा

१. एका बुडबुड्याची त्रिज्या २ मिलिमीटर आहे. त्याची वारंवारता किती?

२. एका रेषेत असलेल्या दोन हायड्रोफोनांना बर्फ तडकल्याचा आवाज २ सेकंदांच्या फरकाने ऐकू आला. आवाजाच्या जागेपासून दोघांच्या अंतरांत किती फरक आहे? वेग सेकंदाला १,५०० मीटर धरा.

३. शीतकपाटातील बर्फाचा 'कट्ट' आणि हिमनदीच्या बर्फाची 'तडतड' यांत फरक कोणता?

उत्तरे : (१) १,६३० हर्ट्झ. (२) ३ किलोमीटर. (३) पहिला आवाज तापमानातील फरकामुळे जाणाऱ्या तड्याचा; दुसरा दाबून कोंडलेली हवा सुटल्याचा.